पारडी फिरवून

"एक पारडं कुणी नेलं?" बाबांनी विचारलं.

टेबलावर, काचेच्या पेटीत, औषधं तोलायचा नाजूक काटा ठेवला होता. दोन्ही पारडी जागच्या जागी होती, आत्ताच पुसलेली. थोरल्याने पारड्यांकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि शेवटी वेड्यासारखं टेबलाखालीही वाकून पाहिलं.

"दोन्ही आहेत, बाबा."

"मला शिकवतोस? एका पारड्याचा काटा म्हणजे काय, छताला टांगायचा दिवा?"

"जीभ जागेवर आहे हो," समोर बसलेली अक्का म्हणाली. "बाकीचं येईल हळूहळू." अक्का म्हणजे बाबांची मोठी बहीण. घरात शेवटचा शब्द तिचा नसला, तरी शेवटून दुसरा नक्की तिचाच असायचा.

रविवारचे अकरा वाजले होते. काट्यांच्या कारखान्यावरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलाभोवती घरची पाच माणसं बसली होती. काटा फक्त बाबांना बरं वाटावं म्हणून खालून आणला होता. खरं काम थोरल्याच्या शर्टाच्या खिशात होतं. वजनमाप कचेरीचा फॉर्म. उद्या दुपारपर्यंत त्यावर नवीन नाव गेलं नाही, तर शिक्का क्रमांक सत्तेचाळीस रद्द होणार होता, आणि शिक्का नाही तर कारखाना नाही.

शिक्का म्हणजे बोटाएवढा पोलादी ठसा. दुरुस्त झालेल्या प्रत्येक काट्याच्या दांडीवर तो हातोडीने उठवायचा. ज्याच्या नावावर शिक्का, तो त्या काट्याला जबाबदार. आजोबांनंतर तो बाबांकडे आला. बाबांनंतर कोण, हे बाबांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या मेंदूत, उजव्या बाजूला, रक्ताची गुठळी अडकली. डावा हात गेला, डावा पाय ओढत चालायला लागला. बोलणं मात्र होतं तसंच, किंबहुना थोडं जास्तच.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होतंय. ते ध्यानात ठेवा." थोरल्याला ते फार लागलं होतं. आपण लिफ्ट दुरुस्त करत गावभर फिरतो, बापाच्या एका बाजूकडेही बघायला सवड नाही, असं त्या बाईंना वाटलं असणार. त्या दिवसापासून त्याने घरातलं सगळं डावीकडे आणलं. रेडिओ डावीकडे, औषधं डावीकडे, भेटायला येणाऱ्यांची खुर्ची डावीकडे. दिवसातून दोनदा डाव्या हाताला तेल. बाबा रेडिओ लागलेला असतानाही रेडिओ लावा म्हणायचे, ते आजारपणामुळे असेल असं तो समजत होता.

आज तो स्वतः बाबांच्या उजवीकडे बसला होता, कारण डावीकडच्या खुर्चीत धाकटी होती. तिची ती ठरलेली जागा.

"बाबा," थोरला म्हणाला, "शिक्का कुणाच्या नावावर करायचा?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. जुनीच नजर, दांडी सरळ आहे का बघणारी.

"तू आहेस की."

"मी?"

"मग दुसरं कोण दिसतंय इथे? अक्काच्या हातात हातोडी देऊ? सगळ्या दांड्या वाकवून ठेवेल. तुझं नाव लिही."

एकोणतीस वर्षं. सतरा वर्षांचा असताना थोरल्याने असाच एक औषधवाल्यांचा काटा तपासून शिक्का मारला होता. चार दिवसांनी तो चुकीचा म्हणून परत आला. "पारडी फिरवली नाहीस," बाबा गिऱ्हाइकासमोर म्हणाले होते, आणि त्याच्या हातातून शिक्का काढून घेतला होता. "तुझा हात शिक्क्याचा नाही." कारखान्याचा पहिला नियम तो: वजन या पारड्यात, जिन्नस त्या पारड्यात, मग अदलाबदल. दोन्ही वेळा आकडा तोच आला तरच काटा खरा. फिरवली होती, असं थोरला तेव्हा ओरडून सांगत होता. पुढे ओरडणं थांबलं. दहा-बारा वर्षांनी त्याचं त्यालाच खात्रीने सांगता येईना, की फिरवली होती का.

"मला दोन महिने लागतील," तो म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून चपापला. "हात बसायला. म्हणजे, मी कंपनी सोडू शकतो."

टेबलाच्या डाव्या टोकाला खुर्ची करकरली.

*

"दोन महिने," धाकटी म्हणाली. "अरे वा. मला वीस वर्षं लागली."

"धाकटे, मी मागितलं नाही. त्यांनी सांगितलं."

"आणि तू लगेच कंपनी सोडलीस! लिफ्टसुद्धा एवढ्या झटक्यात खाली येत नाही."

कारखान्यात डावी खुर्ची मानाची. बाबा उजव्या हाताने हातोडी मारायचे, तेव्हा डावीकडे बसलेला माणूस दांडी धरून ठेवायचा. हलला तर काटा गेला, आणि हातोडी हुकली तर त्याची बोटं गेली. थोरला निघून गेल्यावर ती खुर्ची नऊ वर्षं रिकामी राहिली. मग एके दिवशी बाबा धाकटीला म्हणाले, "धर जरा." एवढंच. त्यानंतर ती उठलीच नाही. लग्नाची बोलणी आली, ती त्या खुर्चीतूनच तिने परत पाठवली.

आणि आता पाच आठवडे ती दिवसभर खाली एकटी कामं उरकत होती, आणि संध्याकाळी वर येऊन, हात धुऊन, बाबांच्या डावीकडे बसत होती. दवाखान्यातही तिचं स्टूल डावीकडेच होतं. या पाच आठवड्यांत बाबा तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मान वळवून पाहिलंही नव्हतं. तिने आठवून आठवून पाहिलं होतं, आपलं काय चुकलं. कुठला काटा? कुणाला उलट बोललो? ज्या दिवशी बाबा पडले, त्या दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला उशीर झाला होता, ते असेल?

डावललं. हा शब्द तिला आज सुचला, आणि सुचताक्षणी आतून काहीतरी कापत गेला.

"बाबा," ती म्हणाली, "मी इथे बसलेय."

बाबांनी झटकन मान वळवली. उजवीकडे, खिडकीकडे. खिडकीत कुणी नव्हतं.

"धाकटी का? खाली आहे वाटतं. बोलवा तिला वर."

धाकटी त्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा, मी तुमच्या शेजारी आहे!"

बाबा आणखी उजवीकडे वळले, इतके की खुर्ची कलली. "अगं, आवाज येतोय तर ये ना वर," ते खिडकीला म्हणाले. "जिन्यात उभी राहून काय ओरडतेस?"

ही थट्टा असेल तर कसली? बाबांनी आयुष्यात कुणाची इतका वेळ थट्टा केली नव्हती. तेवढा वेळ त्यांच्याकडे नसायचाच.

"सोंग," अक्का म्हणाली. "द्यायचं नाही तिला, म्हणून सोंग. लहानपणीही असाच. नको असलेलं काम सांगितलं की ऐकूच यायचं नाही."

"सोंग नाही," थोरल्याची मुलगी म्हणाली.

*

ही नात कालच गाडीने आली होती. विज्ञान शिकून नुकतीच बाहेर पडलेली. अक्का तिला शास्त्रीण म्हणायची, तेही आपुलकीने कमीच. पोरगी कुठल्याही गोष्टीला 'साधारण' म्हणत नसे, हे अक्काला खटके. डाळ शिजायला किती वेळ, तर म्हणे एकोणीस मिनिटं.

"सकाळी मी आजोबांना कागदावर रेघ काढून दिली," नात म्हणाली. "वीस सेंटिमीटरची. म्हटलं, बरोबर मधोमध खूण करा. जन्मभर दांडीचा मध्य नुसत्या नजरेने काढणारा माणूस. त्यांनी खूण केली साडेपंधरावर."

"नजर अधू झाली असेल."

"डोळे ठीक आहेत. अक्का, तुम्हाला आत्ता तुमच्या डोक्यामागे काय दिसतंय?"

"डोक्यामागे कुणाला दिसतं, शास्त्रीणबाई?"

"काळोख दिसतो का?"

अक्काने क्षणभर विचार केला. "नाही. काहीच नाही दिसत."

"आणि त्याचं काही चुकल्यासारखंही वाटत नाही. आजोबांचं डावीकडे तसं झालंय. कानाच्या वर, जरा मागे, उजव्या मेंदूत एक भाग आहे. तो डावीकडच्या जगाची दखल घेतो. तिथे रक्त पोचलं नाही. त्यांना डावी बाजू दिसत नाही असं नाही. डावी बाजू असते हेच त्यांच्या लेखी उरलं नाही. डावीकडून आवाज आला तर ते उजवीकडे शोधतात, कारण शोधायला तेवढीच जागा आहे." ती आपल्या वडिलांकडे वळली. "दुर्लक्ष होतंय म्हणजे *त्यांचं* होतंय, बाबा. डॉक्टर तेच सांगत होत्या. आपल्याला नव्हत्या बोलत."

रेडिओ, औषधं, खुर्ची. सगळं थोरल्याने आपल्या हाताने उचलून, बापाला जिथे जगच नाही तिथे नेऊन ठेवलं होतं.

अक्काला मात्र भलतंच काहीतरी ऐकू येत होतं.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "माणूस वागतो ते तो वागत नाही. त्याच्या डोक्यातली जखम वागते. असंच ना?"

"इतकं सरसकट नाही म्हणता येत..."

"आणि कपाळामागे काय असतं?"

नात थबकली. घरात सगळ्यांना माहीत होतं हे कुठे चाललंय. अक्काचा नवरा पाट्या रंगवायचा, सगळे त्याला रंगारी म्हणत. शिडीवरून पडला आणि कपाळ फरशीच्या काठावर आपटलं. सहा आठवड्यांत उठून कामाला लागला. सगळे म्हणाले, देव पावला. मग त्याने गिऱ्हाइकांना अर्वाच्य बोलायला सुरुवात केली. शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेत हसला. लोकांच्या चांगल्या पाट्यांवर जाऊन लाल रंग फासून आला. एकेकाळी अक्का पाणी मागायच्या आत भांडं पुढे करणारा माणूस, तिच्या अंगावर हात टाकायला लागला. अकरा महिने तिने काढले, मग त्याची रंगाची पेटी दाराबाहेर ठेवली आणि आतून कडी लावली. तीन वर्षांनी तो परगावच्या कुठल्याशा खोलीत वारला. ती गेली नाही.

"सांग की. शिकलीस ना?"

"तिथे आवर असतो," नात खालच्या आवाजात म्हणाली. "मनात आलं ते ओठावर येऊ द्यायचं की नाही, हात उचलायचा की नाही, ते ठरवणारा भाग. तो दुखावला तर बुद्धी शाबूत राहते, बोलणं-चालणं राहतं. फक्त लगाम जातो. पण रंगारीआजोबांचं नक्की काय झालं होतं, ते आता कुणालाच..."

"पुरे."

चाळीस वर्षं अक्का एका गोष्टीवर उभी होती: माणूस वाईट निघाला, मी दार लावलं. आता ही पोरगी म्हणत होती, माणूस तिथे नव्हताच. मग दाराबाहेर कोण उभं होतं? पेटी हातात घेऊन, अर्धा तास, कडी वाजवत?

"मी नाही मानत," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. "जो बोलला तो बोलला. जबाबदारी माणसाचीच. त्याने थोरल्याचं नाव घेतलं, थोरल्याचं नाव लिहा, आणि उठा."

"अक्का, तू काल रात्री मला म्हणालीस शिक्का माझाच आहे म्हणून," धाकटी म्हणाली.

"काल मी शहाणी नव्हते."

"आणि दादा, तू लिहिणार आहेस? हिचं सगळं ऐकून?"

थोरल्याचा हात खिशावर होता. फॉर्म बाहेरही येईना, हातही निघेना. "मला काय माहीत, गं! हिच्या म्हणण्याप्रमाणे ते जे बोलले ते खोटं. पण अगदीच खोटं कशावरून? मी उजवीकडे होतो म्हणून, की मी होतो म्हणून?"

"भांडताय कशाला?" बाबा एकदम म्हणाले. ते इतका वेळ काचेच्या पेटीकडेच बघत बसले होते. "आकडा पटत नाहीये का? मग पारडी फिरवली का?"

*

मग धाकटी उठली.

"ऊठ, दादा."

नातीने असलं काही पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकात त्या माणसाचे आपल्यासारखे कान नव्हते. तिने बाबांच्या, म्हणजे आपल्या आजोबांच्या, डोळ्यांवर नजर ठेवली. थोरला उठला, त्यांच्या खुर्चीमागून डावीकडे जाऊ लागला. आजोबांचे डोळे त्याच्याबरोबर उजव्या खांद्यापर्यंत गेले आणि तिथेच सुटले. एखादा माणूस दाराबाहेर जावा तसा तिचा बाप खोलीतल्या खोलीत नाहीसा झाला. आणि उजव्या खुर्चीत धाकटी बसली.

"आलीस!" आजोबा म्हणाले. त्यांचा सगळा चेहरा हलला. निदान उजवीकडचा. "होतीस कुठे इतके दिवस? दवाखान्यातही फिरकली नाहीस. अक्का, हिला परगावी पाठवलं होतं का कुणी?"

धाकटीने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "खालीच होते, बाबा. कामं होती."

"पाच आठवडे? एकदा डोकावायलाही येऊ नये? मला वाटलं, रागावली. गोळ्यांवरून मी ओरडलो होतो ना त्या दिवशी." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "थोरला आत्ता होता इथे. गेला वाटतं न सांगता. त्याची ती खोडच आहे."

थोरला त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला होता.

"बाबा," धाकटीने विचारलं. हे विचारताना तिने टेबलाची कड धरली होती. "शिक्का कुणाच्या नावावर करायचा?"

"तू आहेस की. दुसरं कोण दिसतंय इथे?"

शब्दाला शब्द तेच. तीच नजर, तीच खात्री, आवाजात तसूभर फरक नाही. नातीला वाटलं होतं, खुर्च्या बदलल्या की उलगडा होईल. तिला आता पूर्वीपेक्षा कमी कळत होतं. दोन आकडे वेगळे आले तर बेरीज करून निम्मं करायचं, हे या घरातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवतात. पण नावांचं निम्मं कसं करतात?

"झालं," अक्का म्हणाली. "आता टेबलावर कुत्रं बसवा उजवीकडे. त्याचंही नाव सांगेल."

कुणी हसलं नाही. मग आजोबाच हसले, आणि त्यांच्यापाठोपाठ अक्काही, नाइलाजाने, डोळे पुसत.

*

डावीकडे बसल्यावर थोरल्याला पहिल्यांदा कळलं की बाबांचा चेहरा या बाजूने किती निजल्यासारखा दिसतो. त्यांचा डावा हात मांडीवर पडला होता. रोज दोनदा तेल लावून चोळलेला हात. त्याने खोकून पाहिलं. मग हात हलवून पाहिला. बापाच्या डोळ्यांसमोर आपण नसणं त्याला नवीन नव्हतं, पण आता त्यात कुणाचाच राग नव्हता, आणि त्यामुळे ते जास्त विचित्र लागत होतं.

"आणि हा घेऊन जा बाई तुझा," बाबा धाकटीला म्हणाले.

त्यांचा उजवा हात चाचपडत मांडीवर आला. त्याने डाव्या मनगटाला धरलं, उचललं आणि टेबलावर आणून ठेवलं.

"काय, बाबा?"

"हात. किती दिवस झाले, माझ्याकडेच राहिलाय. मी सांभाळतोय. तो थोरला येऊन तेल लावतो त्याला."

धाकटीने आपले दोन्ही हात उचलून दाखवले. "माझे हे काय दोन."

बाबांनी ते नीट पाहिले. मोजले असावेत. "हो. ते आहेत. आणि हा एक."

"तीन हात कुणाला असतात, बाबा?"

"ते मला काय विचारतेस? दांडी धरायचा हात आहे हा. वीस वर्षं माझ्या या अंगाला बसलाय. मी ओळखणार नाही? तुझाच आहे."

थोरल्याने मुलीकडे पाहिलं. तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते त्याला कळलं नाही. बहुधा तिलाही कळलं नसावं. होतं असं या आजारात, ती नंतर म्हणाली, स्वतःचा हात दुसऱ्याचा वाटतो. पण कुणाचा वाटावा, ते कुठे लिहिलेलं नसतं.

बाबांनी उजवा हात शर्टाच्या खिशात घातला आणि शिक्का काढला. दवाखान्यातही तो उशीखाली होता. त्यांनी तो टेबलावर पडलेल्या डाव्या तळव्यात ठेवला आणि एकेक बोट वळवून मूठ मिटली.

"धर. घट्ट धर. सोडायचा नाही."

मुठीवरचा उजवा हात निघाला तशी बोटं आपोआप उलगडली. शिक्का सुटला, टेबलावरून डावीकडे घरंगळला, आणि कड ओलांडता ओलांडता थोरल्याने तो झेलला.

पोलाद गार होतं. एकोणतीस वर्षांपूर्वी होतं तेवढंच जड.

"धरलास ना?" बाबांनी उजवीकडे बघून विचारलं.

धाकटी थोरल्याच्या मुठीकडे बघत होती. अक्काही. त्याच्या मुठीवर तीन बायकांच्या नजरा होत्या, आणि ज्याला बघायला हवं होतं त्याच्यासाठी ती मूठ नव्हतीच.

"धरलाय, बाबा," धाकटी म्हणाली.

"हं." बाबा तिच्याकडे झुकले. आवाज खाली आला. "थोरला गेला ना?"

तिने त्यांच्या खांद्यावरून थोरल्याकडे पाहिलं.

"त्याला सांगू नकोस. तो औषधवाल्यांचा काटा, आठवतो? तू लहान होतीस. त्याने पारडी फिरवली होती. मी बघत होतो, दोनदा फिरवली. बिनचूक होता काटा. संध्याकाळी पेटीत ठेवताना माझ्या हातून दांडी पडली. केसाएवढी वाकली. मी नजरेनेच सरळ केली आणि धाडून दिला. नजरेचा गर्व होता मला. परत आला तेव्हा..." त्यांनी ओठ पुसले, फक्त उजवीकडून. "गिऱ्हाईक समोर उभं होतं."

"मग दादाला का नाही सांगितलंत?"

"रोज सांगणार होतो. तो समोर आला की तोंड उघडत नाही. आत्ता नाहीये म्हणून बोलतोय."

थोरल्याच्या कानात खालच्या कारखान्यातली कानस घासल्यासारखा आवाज यायला लागला. खाली कुणी नव्हतं, रविवार होता. त्याने मुलीच्या कानाशी वाकून विचारलं, "हे खरं असतं का? की हेही त्या जागेचंच?"

"माहीत नाही, बाबा." त्याने तिच्या तोंडून हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. "मेंदू कधीकधी मोकळ्या जागा भरून काढतो. घडलंच नाही ते सांगतो, मनापासून सांगतो. कधीकधी घडलेलंच सांगतो. बाहेरून सारखंच दिसतं."

"अंदाज तरी?"

"नाही सांगता येत."

तेव्हा अक्का बोलली. शेवटून दुसरा शब्द. "ह्याची जखम ह्याच्यापेक्षा प्रामाणिक निघाली," ती म्हणाली. "असतात तशाही. आमच्या ह्यांची..." तिने पुढे काही म्हटलं नाही. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, परत काढला. "लिही रे धाकटीचं. जखमेने सांगितलं असेल तर जखमेचं ऐकून लिही."

थोरल्याने फॉर्म काढला. घामाने मऊ झाला होता. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात त्याने बहिणीचं पूर्ण नाव लिहिलं, सुबक अक्षरात, शाळेत लिहायचा तसं. मग उठून बाबांच्या खुर्चीमागे उभा राहिला, तिथूनच हात लांबवून तिची मूठ उघडली आणि त्यात शिक्का ठेवला. ती काहीतरी म्हणणार होती. त्याने मान हलवली.

सहीची जागा कागदाच्या उजव्या कोपऱ्यात होती. बाबांनी ती लगेच शोधली.

उजवीकडे, अक्काशेजारी, आणखी एक खुर्ची रिकामी होती. थोरल्याने ती पाहिली. मग तो परत डावीकडे जाऊन बसला. टेबलावर पडलेला तो तिसरा हात, कुणाचाही असो, त्याने मनगटापाशी धरला, दांडी धरतात तसा, हलू न देता.

बाबांना ते कळलं नाही. त्यांनी काट्याची पेटी पुढे ओढली, आत वाकून पाहिलं आणि मान वर केली.

"थोरला आला नाही अजून?"

"येतोय, बाबा," थोरला म्हणाला. "वाटेत आहे."

बाबा उजवीकडे, खिडकीकडे वळले. आवाज तिकडूनच आला होता.

"मग थांबू," ते म्हणाले. "पानं घ्यायची घाई करू नका."